कूस बदलल्याची वेळ

९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. गुडघा आता जिना चढू देतोय हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. ह्यांचा खोकला गेला, माझा स्वभाव तेवढा राहिलाय.

तू पाठवलेली यादी घेऊन परवा आईच्या शुश्रूषागृहात अख्खा दिवस काढला. आधी सुरक्षा. न्हाणीघरात दोन्ही बाजूंना धरायला दांडे आहेत. एक हलत होता, सांगितल्यावर दुपारी घट्ट करून दिला. आग लागली तर उघडायचा तो मागचा दरवाजा उघडतो, पण त्याला टेकून तीन व्हीलचेअर उभ्या होत्या. घंटी दाबून बघितली. एकदा चार मिनिटांत कुणीतरी आलं, एकदा अकरा. माणसं म्हणशील तर मजल्यावर बावीस म्हातारी, दिवसा एक नर्स आणि तीन सेविका. रविवारी किती, विचारलं, तर नर्स चादर सारखी करत म्हणाली, "रविवारी दोन."

तिसऱ्या मुद्द्याखाली, काळजीच्या, तू दोन रेघा ओढल्यास. तिथेच माझं पेन अडलंय.

आईच्या पायथ्याशी तक्ता लटकवलेला असतो. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तिला स्वतःहून वळता येत नाही, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची आणि वेळ टाकून सही करायची. नवी सेविका सगळे रकाने वेळच्या वेळी भरते, अक्षर कसं मोत्यासारखं. आणि आईच्या कमरेखाली बटणाएवढा लाल डाग उठलाय. नर्सने बोटाने दाबून दाखवलं. लाली जात नाही, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात.

जुनी सेविका कामचुकार निघाली म्हणून मी आपल्या दोघींच्या नावाने तक्रार दिली, हे तुला फोनवर सांगितलं होतं. तू म्हणालीस, बरं केलंस. त्या बाईबद्दल मी तुला अर्धंच सांगितलं.

तिला सगळे शिट्टी म्हणतात. कुणी दचकू नये म्हणून ती व्हरांड्यातून शिट्टी वाजवतच येते. आपण वाजवली की आई हातावर पट्टी मारायची, आठवतं? तीच आई आता अर्ध्या ओठांनी शिट्टी वाजवायचा प्रयत्न करते. शिट्टी म्हणते, "आजी, नुसती हवा निघतेय. पंक्चर काढून घ्या आधी." आणि आई हसते. आवाज करून हसते, ताई. मी सोळा रविवार गेले, माझ्यासाठी एकदाही हसली नाही.

घरून सूप नेलं होतं. आईने माझ्या हातून दोन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं. तेच सूप, तोच चमचा, शिट्टीच्या हातून वाटी रिकामी. वर ती मलाच समजावते, "ताई, मनाला लावून घेऊ नका. लेकीसमोर लाज वाटते त्यांना. मी काय, परकी." तिने मला तोडून बोलायला हवं होतं. तिचा तो समजूतदारपणा मला सोसला नाही. आईचे केस विंचरताना ती हनुवटीखाली हात धरते. तसा हात मला आईने कधी धरू दिला होता का, हे मी बसल्या बसल्या आठवत राहिले. आठवेना.

तक्रार दिली त्या दिवशी तिने दहाला, बाराला आणि दोनला आईची कूस बदलली. मी शेजारच्या खुर्चीत होते. तक्त्यावर तिने काहीच लिहिलं नाही. ती निघताना सगळं एकदम भरते, कारण मध्ये पुढची घंटी वाजलेली असते. साडेतीनला मी रिकाम्या रकान्यांचा फोटो काढला आणि व्यवस्थापिकेला दाखवला. म्हटलं, सकाळपासून आईकडे कुणी फिरकलं नाही. तिने विचारलं, "तुम्ही स्वतः बघितलंत?"

मी हो म्हटलं. बघितलं तर होतंच. काय बघितलं, ते तिने विचारलं नाही, असं म्हणून मी महिनाभर मनाची समजूत घातली.

परवा डाग बघून खाली धुलाईच्या खोलीत गेले. तक्रारीनंतर शिट्टीला तिथे टाकलंय. एकटीच चादरींच्या घड्या घालत होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आजी कशा आहेत?"

"लाल डाग पडलाय. कमरेखाली."

"डावा हात अंगाखाली अडकतो त्यांचा. तो आधी सोडवायचा, मग वळवायचं. नाहीतर दुखतं, आणि त्या परत होत्या तशा सरकतात. नवीला सांगा." मग चादरीची दोन टोकं माझ्याकडे केली. "धरा जरा." आम्ही घडी घातली. टोकाला टोक जुळवताना ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही होतात ना, ताई?"

"होते."

तिने पुढची चादर उचलली.

वर येऊन मी नव्या सेविकेला हाताचं सांगितलं. मग व्यवस्थापिकेकडे गेले. एकवीस तारखेला शिट्टीला ठेवायचं की काढायचं ते ठरणार आहे. तक्रार दोघींच्या नावाची, तेव्हा ती मागे घ्यायलाही दोघींच्या सह्या लागतात. अर्ज सोबत जोडलाय. कारणाच्या जागी मी 'गैरसमज' लिहिलं होतं, ते खोडलं आणि 'मी खोटं सांगितलं' असं लिहिलं. तुझं नावही त्यात ओढलं गेलं, त्याची मला लाज वाटते.

मी फार थोर झालेय असं समजू नकोस. ती परत आली की आई पुन्हा तिच्याकडे बघून हसेल, आणि मला ते आजही बघवणार नाही. पण मला बघवेपर्यंत आईची पाठ थांबणार नाही.

सही करून उलट टपाली पाठव. रागवायचं असेल तर वेगळ्या कागदावर रागव, मी दोन्ही पाकिटं उघडेन.

तुझी, आणि अजून आईचीही,
धाकटी