चिकाच्या दिवशीची रेघ

आई, आज ऑफिसात एका नव्या मुलाने विचारलं, मॅडम, विमानामागच्या पांढऱ्या रेघेचा नाद तुम्हाला कधी लागला? मी आपलं शास्त्रशुद्ध उत्तर दिलं आणि परतूरच्या आपल्या माळवदाचं नाव टाळलं. मग दिवसभर कामात लक्ष लागेना, म्हणून तुला लिहायला बसले. तुला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे बिनधास्त लिहिते.

उन्हाळ्यात आपल्या गल्लीतल्या पाच घरांच्या कुरडया एकत्र व्हायच्या. गहू तीन दिवस भिजायचा, रोज त्याचं पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून त्याचा पांढराशुभ्र चीक निघायचा. एकदा तो शिजला की माघार नाही, गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा आणि वर कडक ऊन हवं. म्हणून त्या दिवशी सकाळी सगळ्याजणी पातेली धरून तुझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. तू शिडीने माळवदावर जायचीस, कपाळावर हात धरून विमानाची वाट बघायचीस. रेघ शेपटासारखी आखूड राहून विरली तर चूल पेटवायची. लांब राहून कापसासारखी पिंजत गेली तर वर ओल आहे, आज नको. गल्लीत तुझ्या शब्दाला किंमत होती ती या रेघेमुळे, आणि त्या दिवशी तुझी मान जरा जास्तच ताठ असायची. एकदा तू मला विचारलं होतंस, "आभाळ येकच, तर एक इमान रेघ वढून राह्यलं अन् दुसरं कोरंच कसं गेलं?" मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, मला काय माहीत? उंची वेगळी असेल, म्हटलं. तू म्हणालीस, "न्हाई माय. मशिनीचं पोट येगळं आसंल. माझी चूल अन् शेजारणीची चूल, लाकूड तेच, मंग धूर बराबर येतो का?"

आई, आता मी पोटासाठी तेच करते. इंजिनाच्या पोटात इंधन कसं जळतं, काजळी किती निघते, कारण त्या काजळीच्या कणांवरच वाफेचं बर्फ धरतं आणि रेघ होते. पंखाच्या टोकाशी हवेचा भोवरा होतो, तो ती रेघ खाली ओढतो, म्हणून पंख कसा आहे तेही बघायचं. गंमत ऐक, जे इंजिन इंधन वाचवतं, त्याचा धूर थंड निघतो आणि त्याची रेघ उलट लवकर धरते. तुला हे बिलकुल पटलं नसतं. पसरलेली रेघ दिवसा थोडं ऊन अडवते हे खरं, पण रात्री जमिनीची ऊब गोधडीसारखी आत कोंडते. अशा हजारो गोधड्या रोज आभाळात पडतात, त्याने हवा तापते. तू ज्या रेघेवर कुरडया ठरवायचीस तिच्यावर आता मोठमोठी माणसं डोकं धरून बसतात.

पण लिहायचं होतं ते तुझ्या त्या प्रश्नाच्या पुढच्या वर्षीचं. त्या सकाळी तुझे हात कोपरापर्यंत चिकात होते. "जल्दी वर जा, रेघ बघून ये," म्हणालीस. दुपारच्या गाडीने मला औरंगाबादला होस्टेलवर परतायचं होतं. मी खाली येऊन सांगितलं, "विमान गेलं आई, मागे रेघच नाही." तू चूल पेटवलीस. दुपारपर्यंत माळवदावर धोतरांच्या रांगांवर कुरडया आणि मी गाडीत. चारच्या सुमाराला वळीव आला. पाच घरांचा गहू लापशी झाला, आणि गल्लीतल्या शेळ्यांनी सण केला, हे मला सुट्टीत कळलं. शेजारीण म्हणाली, "तुझी आई म्हन्ली, माझंच चुकलं, मी रेघ नीट बघितली न्हाई." तू माझं नावच घेतलं नव्हतंस. पुढच्या वर्षी बायकांनी रेडिओवरच्या बातम्या ऐकून चूल पेटवली. तरी तू सवयीने वर गेलीस, पण तुला कुणी काही विचारलं नाही. मी खाली उभी होते, लाजेने मेल्यासारखं झालं, तरी तोंड उघडलं नाही.

तुझा पितळी सोऱ्या माझ्याकडेच आहे. हा कागद घडी करून त्याच्यातच घालून ठेवणार आहे, तेवढाच तुझ्या हाताजवळ. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या सकाळी दोन विमानं गेली होती, आई. दुसरं कोरं गेलं हे खरं, पण पहिल्याची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पिंजत गेली होती, आणि मी ती मान मोडेपर्यंत बघितली होती. चूल पेटली नसती तर गाडीच्या आधी मला गरम चीक, वर कच्चं तेल आणि मीठ, मिळाला नसता. तू दोन वाट्या वाढल्यास आणि एक डब्यात दिलीस. फार चांगला झाला होता.