पाचवं शील

प्रिय पप्पा,

रविवारी विकीदादाच्या बाळाच्या नामकरणाला पंचशील मी म्हणणार, असं तुम्ही विहारात सांगून टाकलंत. सहा वर्षांची असताना तुम्हीच मला ते घरी शिकवलंत. पाचवं शील म्हणजे नशा करायची नाही, हे कळल्यावर मी विचारलं होतं, "मग तुम्ही दारू का पिता?" त्या दिवसापासून तुम्ही दारूला शिवला नाहीत. अजून सगळ्यांना कौतुकाने सांगता, "माझ्या करुणाने सोडवली."

पप्पा, आता मी पिते. अंधेरीच्या ऑफिसात पहिल्या वर्षी पार्टीत गोड वाइनचा एक ग्लास दोन तास पुरवला होता. मग शुक्रवारची बिअर, मग व्हिस्की. आता फक्त व्होडका, कारण तिचा वास कमी येतो. आवडीनिवडी संपल्या.

परवा तुम्ही माझ्या बाटलीतलं पाणी मागितलंत. मी "उष्टं आहे" म्हणत बाटली ओढून घेतली. तुम्ही हसलात, "कधीपासून गं उष्टं पाळायला लागलीस?" त्यात पाणी नव्हतं.

सकाळपासून घेतलेली नाही, म्हणून अक्षर असं वाकडं येतंय. याआधीची दोन पत्रं फाडली. हेही बहुतेक फाडेन.

रविवारी चौथ्या शीलानंतर मी थांबले, तर मागून पुढचे शब्द सांगू नका. मला ते पाठ आहेत.

तुमची,
करुणा