पहिल्या फुलाची आरती

मुर्री

चि. टिकेशभाऊस बाईचा आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? भावजयीचा, रविताचा, खोकला थांबला का? लेकरं जेवतात ना? माझी काळजी करू नको.

शेजारच्या दुर्गेश्वरीनं ब्रह्मकमळ फुललं तेव्हा सारा मोहल्ला पूजेले बोलावला होता. मले म्हणाली, "विधवा कायले पाहिजे?"

मी परत फिरली. तिच्या भिंतीबाहेर पडलेलं पान आणलं, तुटलेलं टोक सावलीत सुकू दिलं, मग पालाखतात रोवलं. आता झाड फोफावून राहिलं. घरोघरी पानं वाटली.

तिचं झाड पाणी घालून-घालून सडलं. काल पान मागाले आली. म्हटलं, "घे. पण याच्या पहिल्या फुलाची आरती मीच करीन." साऱ्या बायकांसमोर हो म्हणवलं, तेव्हाच पान दिलं. काळीज थंड झालं.

रविताले विचार, जास्त झालं का? उत्तर लवकर टाक.

तुझी मोठी बहीण सुखवंताबाई