साळ्याने दिलेले टायर

प्रताप नगर, नागपूर
४ मे २०२६

ती. शोभाताईस,
मधूचा सप्रेम जयभीम. वि. वि.

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. आमच्या टपाल कचेरीतली डिंकाची बाटली शुक्रवारपासून कोरडी आहे. तिच्या तळाशी एक मुंगी कायमची मुक्कामाला आहे आणि कोणताही कर्मचारी तिला हलवायला तयार नाही. म्हणून हे पाकीट मी भाताच्या शितांनी चिकटवलं. नागरिकाने घरून भात आणावा, अशी सरकारची अपेक्षा दिसते.

फोन असताना हा उद्योग काहून, असं तू विचारशील. तुझा फोन आधी भाऊजी वाचतात, मग तुला मिळतो, म्हणून.

काल नात्यातल्या साक्षगंधाच्या मांडवाबाहेर भाऊजी पाहुण्यांना गाडी दाखवत होते. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या गाडीचे उतरवलेले चार टायर त्यांना दिले, ते साळ्याने दिले म्हणून प्रत्येकाला कौतुकाने सांगत होते. मी चप्पल नीट करायच्या निमित्ताने वाकलो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. हे मला परवाच एका पंक्चरवाल्याने शिकवलं. तुमच्या टायरवर १२१४ आहे. म्हणजे २०१४ सालचे, बारा वर्षं झाली. नक्षी नव्यासारखी आणि बाजूने तुझ्या टाचांसारख्या भेगा. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं म्हणे, आणि उन्हात एक दिवस न सांगता फुटतं. त्याच टायरवर भाऊजी दर सोमवारी वैभवीला बुटीबोरीच्या मिलमध्ये सोडायला जातात, चव्वेचाळीस डिग्रीत.

मी चप्पल नीट करून उठलो. मोठ्या जावयाला दिलेली वस्तू खराब आहे, हे कोणत्या तोंडाने सांगू? तू काहीतरी निमित्त काढून टायर बदलून घे. माझं नाव येऊ देऊ नकोस.

लोभाची हवा कमी होऊ देऊ नये.
तुझा,
मधू


कळमेश्वर
९ मे २०२६

चि. मधूस,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

पाकिटाले अजून शितं चिकटून होते. वहिनीले सांग, भात जरा मोकळा करत जा.

मी ह्यायले म्हटलं, टायर जुने दिसून राहिले. ह्यायनं नक्षीत रुपया खुपसून ती किती खोल आहे ते दाखवलं. अजून पाच वर्षं काही होत नाही म्हणे. बदलाच म्हटलं तर चिडले. मधूनं प्रेमानं दिलेले टायर काढून फेकले तर त्याले काय वाटेल, असं मलेच विचारून राहिले. पोरीले बसनं जाऊ द्या म्हटलं, तर बाप मेला का म्हणे. वैभवी वेगळीच. आई, उगाच भेव घालू नको, असं मलेच सांगते.

तू साऱ्या दुनियेले टोमणे मारतोस गा, अन् भाऊजीसमोर काहून बोबडी वळते? एक फोन कर. माझं नाही ऐकत, तुझं ऐकतील.

घरी सर्वांना जयभीम सांग. मायेत आहेसच.
तुझी ताई


प्रताप नगर, नागपूर
१४ मे २०२६

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तीनदा फोन केला. पहिल्यांदा उन्हावर बोललो, दुसऱ्यांदा आंब्याच्या भावावर. तिसऱ्यांदा मी तोंड उघडणार तोच भाऊजींनी टायरसाठी माझे पुन्हा आभार मानले. मी ‘असू द्या’ म्हणालो आणि फोन ठेवला. माझी तलवार कागदावरच चालते.

२४ तारखेच्या रविवारी येतो आणि समोर बसून सांगतो. तोवर वैभवीला मागे बसव, पट्टा लावायला सांग. हवा पहाटे, टायर थंड असताना तपासा. साठच्या वर गाडी नको. हा काही इलाज नाही, हे मलाही कळतं.

राग धर, पण मायेतून काढू नकोस.
मधू


नागपूर, दवाखाना
१९ मे २०२६

मधू,

काल बुटीबोरीच्या अलीकडे मागचा डावा टायर फुटला. गाडी दोनदा फिरली अन् दुभाजकाले लागली. हे ठीक आहेत. वैभवीचा उजवा हात कोपरापाशी मोडला. आज ऑपरेशन झालं. हात पूर्ण सरळ होईल का, हे डॉक्टर सांगून नाही राहिले. मिलमध्ये ती सूत तपासते, ते त्याच हातानं.

तुझं पत्र आज शेजारणीनं इथं आणून दिलं. तिले मागं बसव लिहिलंस. ती मागंच बसली होती.

आता ऐक. व्हरांड्यात हे मले म्हणाले, त्यायले माहीत होतं. टायर बसवले त्याच दिवशी दुकानातल्या माणसानं आकडे वाचून दाखवले होते. ह्यायनं त्याले गप्प केलं. साळ्याची भेट परत कशी करायची म्हणे. म्हणूनच गावभर कौतुक सांगत फिरले.

तुम्ही दोघं एकमेकाचा मान राखत बसले, अन् गाडीत माझी पोरगी होती.

रविवारी येऊ नको.
शोभा


प्रताप नगर, नागपूर
२५ मे २०२६

ती. भाऊजींस,
सादर जयभीम. वि. वि.

ताईने येऊ नको म्हटलं, म्हणून लिहितो. हे पत्र तिलाही वाचू द्या.

आकड्यांचं मला आत्ताच कळलं, असं मी तिला लिहिलं होतं. ते खोटं आहे. टायर उतरवले त्याच दिवशी दुकानदाराने मला आकडे दाखवले होते आणि हे कुणाला देऊ नका असं बजावलं होतं. नक्षी बघून माझ्याने फेकवेनात. शिवाय तुम्हाला काहीतरी दिल्याचं समाधान फुकटात मिळत होतं. तुम्ही माझा मान राखलात. मी तुम्हाला माझी अडगळ दिली.

वैभवीच्या हाताचं मला काहीच करता येत नाही. तिने विचारलं तर खरं काय ते सांगा.

तुमची गाडी दुरुस्तीला आहे तिथे काल जाऊन आलो. चार नवे टायर बसवले, पाचवा डिकीत आहे. आकडे ०९२६. या वेळी स्वतः वाकून वाचा. याला भेट म्हणू नका. हे मी तुमचं देणं लागत होतो.

जुने टायर तिथला माणूस मागत होता. फुटलेला एक सोडला तर बाकीच्यांची नक्षी चांगली आहे, कुणीतरी घेईल म्हणाला. मी चारही माझ्या गाडीत घातले, भंगारवाल्याकडे नेले, आणि शेवटचा कापून होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.

लोभ मागायला आज तोंड नाही.
आपला,
मधुसूदन