शहर सुरक्षित, पोरगी घरात

भाऊजी,

चौकात तुमच्या फोटोचा मोठा फलक लागलाय. शेजारच्या गावांपेक्षा आपलं शहर सुरक्षित, म्हणे! त्याच फलकाखाली परवा भरदिवसा एकाने तुमच्या सख्ख्या पुतणीचा हात धरला. कपड्यांच्या दुकानातलं काम आटोपून घरी येत होती पोरगी.

तिला घेऊन तुमच्या पोलीस ठाण्यात आले, तर तुम्ही चहा मागवलात. म्हणालात, "वहिनी, तो पुलापलीकडच्या गावचा आहे. तक्रार तिकडेच करा ना."

वा रे वा! हात धरला इथे आणि बोंब मारायची तिकडे? अशाने गुन्हा त्या गावच्या नावावर, ते गाव बदनाम आणि तुम्ही साजूक तुपातले!

तो मेला अजून दुकानासमोर उभा असतो. पोरीने कामावर जाणं सोडलंय. गुन्हा त्याचा आणि कोंडून कोणाला घातलं?

हे पत्र टपालात टाकत नाही. टाकलं तर तुम्ही वाचून खिशात घालाल. उद्या पोरीला घेऊन मीच येते. चहा नको. तक्रार लिहून घेईपर्यंत ठाण्याच्या दारातून हलणार नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेन की आतला साहेब माझा सख्खा दीर आहे.

तुमची थोरली वहिनी