बुजवलेली नाली

शिरड शहापूर,
ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली.
रविवार, दि. १६ फेब्रुवारी २०२५

चि. सुरज यास,
अक्काचा जय भीम आणि आशीर्वाद.

तिकडं पुण्यात तू खुशाल असशील. आम्हीही ठीक आहोत. हरभरा काढणीला आलाय, दुपारचं ऊन आत्तापासूनच चटके देतंय. अंगणवाडीत लेकरांची वजनं घेणं चालू आहे. शेजारच्या सुनिताकाकूंची शेळी व्याली, दोन पिल्लं झाली. झाली खुशाली.

पत्र बघून तुला नवल वाटेल. पण फोनवर तू "अक्का, मीटिंग आहे" म्हणून तोडतोस, आणि माझा आवाज चढला की आई आतून "हळू बोल" म्हणते. लांबलचक मेसेज पाठवला तर तू नुसता अंगठा पाठवतोस. तो न वाचताच पाठवतोस हे मला कळतं. कागदाला मधेच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

गुरुवारी तुझा फोन आला. मी कशी आहे ते तू विचारलं नाहीस. एकदम म्हणालास की दीक्षाला फोन कर आणि सांग, मी सासरीच असते, आईला बरं नव्हतं म्हणून चार दिवस आले होते. नाहीतर आमचं ठरलेलं लग्न मोडतंय, आणि ते तुझ्यामुळं. मी फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल रेंज गेली. रेंज होती.

आईला बरं नव्हतं, हे तू मनानं रचून सांगितलंस. ते किती खरं आहे हे तुला माहीत नाही. आईनं मला बजावलंय की सुरजला कळू द्यायचं नाही. आजवर मी तिचं ऐकलं. आता ऐकणार नाही. पण आधी जानेवारीपासून सांगते, कारण तू ते सगळं विसरलेला दिसतोस.

जानेवारीत तू आठ दिवसांची सुट्टी काढून आलास. बॅगेत कपडे कमी आणि मोबाईल उभा करायचा स्टँड, दिवे, ड्रिल मशीन असलंच जास्त. म्हणालास, आईला घर सजवून द्यायचं, सगळं आपल्या हातानं, मिस्त्री लावायचा नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मजाही आली. मी अंगणवाडीतून रजा काढली. भिंती मी घासल्या, सिमेंट मी कालवलं, मुरमाची घमेली मी वाहिली. तू शिडीवर चढून रंग देत होतास तेव्हा खाली शिडी धरून मी उभी होते. दुपारी आपण तिघं तू खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेल्या बाकावर भाकरी खायला बसलो, तेव्हा मला बाबांची आठवण आली. मी ते बोललेही. तू मोबाईलमध्ये बघत होतास.

चौथ्या दिवशी तू म्हणालास, "अक्का, जरा बाजूला हो, तू मधी येऊन राहिली." मला वाटलं माझा जुना गाऊन बरा दिसत नसेल. मी आत गेले, तोंड धुतलं, चांगली साडी नेसून आले. तू एकदा आईकडं बघितलंस आणि म्हणालास की तसं नाही, तू आतच थांब. आई खाली मान घालून लसूण सोलत होती. मी आत जाऊन स्वयंपाकाला लागले. साडी बदलली नाही. तीच नेसून भाकरी थापल्या.

तू गेल्यावर व्हिडिओ आला. "आईचं घर, माझे हात." तो मी सुनिताकाकूंच्या ओट्यावर बसून बघितला, सोबत गल्लीतल्या बायका होत्या. सुरुवातीला तू घर आधी कसं होतं ते दाखवलंस. मागच्या छपरातली फुटकी घागर, फाटकी पोती आणि सरपण तू पुढच्या अंगणात आणून टाकलंस आणि मग दाखवलंस. आपलं अंगण तसं कधीच नव्हतं. मग तुझा आवाज आला: "आई इथं एकटीच राहते. या घराकडं बघणारं कुणी नाही."

सुनिताकाकूंनी विचारलं, "तू कुठं गेली गं यात?" मी हसून म्हटलं की मी स्वयंपाक करत होते. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यांच्या त्या बघण्याचा मला जास्त राग आला.

बघणारं कुणी नाही? बाबा गेल्यावर मागची भिंत पडली ती आईनं आणि मी उभी केली. स्वयंपाकघरावरचे पत्रे मी बदलले. न्हाणीचं पाणी दारात साचायचं, चिखल व्हायचा, म्हणून भिंतीकडेनं परसापर्यंत नाली मी खणली. शहाबादीचे तुकडे मागून आणून बसवले, उतार चुकला म्हणून एकदा सगळं उखडून परत केलं. त्या पाण्यावर केळी आली, अळू आलं, पपई आली. तू आलास की पपई खायचास ना, ती त्याच पाण्यावरची.

ती नाली तू बुजवलीस. व्हिडिओत घाण दिसते म्हणालास. मी विचारलं की पाणी कुठं जाईल, तर म्हणालास, पुढच्या वेळी येऊन शोषखड्डा करू. वर मुरूम दाबून गुळगुळीत फरशी बसवलीस, रंगीत बाटल्यांत वेल लावून भिंतीला टांगलेस. मी तेव्हाच भांडायला पाहिजे होतं असं तू आता म्हणशील. मी भांडले होते. तू म्हणालास, अक्का, तुला यातलं कळत न्हाई.

तू गेलास त्याच आठवड्यात न्हाणीत पाणी तुंबायला लागलं. मी सकाळ-संध्याकाळ बादलीनं उपसून परसात नेऊन टाकायचे. फरशी उखडते म्हटलं तर आई हात धरायची. लेकरानं बनवलंय, राहू दे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तुझी फरशी दाखवायची.

या महिन्याच्या सुरुवातीला मी अंगणवाडीत असताना आई त्याच फरशीवर घसरली. उजव्या हातावर पडली. सुनिताकाकूंना आवाज गेला म्हणून बरं. त्यांनी मला बोलावलं, आम्ही जीप करून हिंगोलीला नेलं. मनगटाचं हाड मोडलंय. प्लास्टर आहे. वेणी मी घालते, भाकर मी मोडून देते, बाकीचं तुला लिहीत नाही. जीपमध्ये हात सुजून वांग्यासारखा झाला होता आणि ती मला काय म्हणत होती माहीत आहे? "सुरजला कळू देऊ नको. त्यानं हौसंनं केलं. लेकराला वाईट वाटंल." तू रोज फोन करून "आई, जेवली का" विचारतोस. ती हो म्हणते. कुणाच्या हातानं, ते तू विचारत नाहीस.

आता दीक्षाच्या फोनचं. मंगळवारी आईचा मोबाईल वाजला. आईला उचलता येईना म्हणून मी उचलला. मुलगी बोलायला चांगली वाटली. आईंना द्या म्हणाली. मी सांगितलं की हाताला प्लास्टर आहे, स्पीकरवर करते. तिनं काळजीनं विचारपूस केली, आईनं तिलाही बजावलं की सुरजला हाताचं सांगू नको, आणि मग तिनं मला विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, मी करुणा, सुरजची मोठी बहीण.

तिनं माझं नाव परत विचारलं. मग म्हणाली की सुरज तर सांगतात ताई वसमतला सासरी असतात, सुखात आहेत. आणि मग तिनंच विचारलं, "व्हिडिओत शिडी धरलेला हात तुमचा का?"

म्हणजे तू मला व्हिडिओतून पुरतं काढलंस आणि हात तेवढा राहिला.

मी तिला सांगितलं की हो, माझाच. मी इथंच राहते. यात मी काय बिघडवलं ते मला समजावून सांग. वसमतचं घर मी सोडलं तेव्हा तू बारावीत होतास. बाबांबरोबर तूच मला न्यायला आला होतास. त्या घरात माझ्यावर हात उचलायचे हे तू डोळ्यांनी बघितलंस. माझी पेटी डोक्यावर घेऊन तू स्टँडपर्यंत चालत आलास. बाबा रिक्षा करू म्हणाले तर तू नाही म्हणालास, रागानं भराभर चालत होतास. त्या दिवशी तुला माझी लाज वाटली नव्हती. पुण्यात जाऊन ती कुठून शिकलास?

हे सगळं मी तुला फोनवर म्हणणार होते. पण गुरुवारी तुझा फोन आल्यावर घरात जे झालं त्यानंतर तुला परत फोन लावावा वाटला नाही. ते लिहू की नको असं सकाळपासून चाललंय. लिहितेच.

तू काय करायला सांगितलंस ते मी आईला सांगितलं. मला वाटलं ती तुला शिव्या घालेल. ती म्हणाली, "करून टाक की एक फोन. त्यानं मला जानेवारीतच सांगितलं व्हतं. लगीन झाल्यावर समद्यांला सांगू म्हणला."

तिला माहीत होतं, सुरज. मी साडी नेसून बाहेर आले आणि ती लसूण सोलत राहिली, तेव्हा तिला माहीत होतं. तू परका झालास ते मी समजू शकते, तू लांब असतोस. पण तिच्या शेजारी मी झोपते. त्या दिवशी मी तिला जेवू घातलं आणि एक शब्द बोलले नाही. तीही बोलली नाही.

शुक्रवारी सकाळी मी पहार घेतली आणि तुझी फरशी उखडली. आई दारात उभी होती. या वेळी तिनं हात धरला नाही. मी मुरूम काढला, नाली मोकळी केली. माझे शहाबादीचे तुकडे तसेच होते, एकही हलला नव्हता. अंगणात ढीग पडला. बाटल्या काढून ठेवल्यात, तुझ्या तू ने. बाक ठेवलाय, तो चांगला झालाय.

आणि काल शनिवारी, त्या ढिगाऱ्यात, दीक्षा आली. हिंगोलीहून एसटीनं, एकटीच. दवाखान्यातल्या नोकरीतून अर्धी सुट्टी काढून आली होती. हे तुला माहीत नाही. व्हिडिओतलं घर शोधत ती दोनदा आपल्या दारावरून पुढं गेली. माझे हात चिखलानं भरलेले, नमस्कारही कोपरानं केला. तिला बाकावर बसवलं, चहा ठेवायला आत गेले. भिंतीपलीकडून आईचा आवाज आला. तिनं आधी विचारलं, सुरजवर रागावलीस का. मग आई म्हणाली,

"बाई, त्याचं एकट्याचं न्हाई. मी बी व्हय म्हणले. पोराचं जुळून राहिलं, मधी काई नको, म्हणून मी माझ्या पोरीला लपवलं. बाप गेल्यापासून हे घर तिनंच धरलंय. मला तिच्याकडं बघू वाटंना झालंय."

चहा उतू गेला. मी परत आधण ठेवलं, कारण लगेच बाहेर जाता येण्यासारखं माझं तोंड नव्हतं. आईला मी अजून माफ केलेलं नाही. पण काल रात्री तिची वेणी घालताना मी तिच्याशी बोलले. एवढंच. तेलाची बाटली कुठंय, असं विचारलं.

दीक्षानं चहा घेतला, आईचं प्लास्टर बघितलं, बोटं हलवून दाखवायला सांगितली. तू मला फोन करायला सांगितलंस हे मी तिला सांगितलं नाही, पण तिनं ओळखलं होतं. स्टँडवर सोडायला गेले तेव्हा म्हणाली, "ताई, तुम्ही मला फोन करू नका. यात लपवण्यासारखं काय होतं, ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय." लग्न मोडलं असं ती म्हणाली नाही, आणि मोडणार नाही असंही नाही. मी विचारलं नाही. तो तुमचा दोघांचा प्रश्न आहे.

तेव्हा तुझ्या गुरुवारच्या सांगण्याला माझं उत्तर असं आहे की मी फोन करणार नाही. आज नाही आणि लग्नाच्या दिवशीही नाही. तू तिच्या घरी जा, तिच्या आई-बापासमोर बस आणि सांग की माझी बहीण नवऱ्याचं घर सोडून आली आहे आणि आमच्या घरी राहते. हे वाक्य मोठं नाही. म्हणून बघ. जीभ अडखळली तर तिथंच परत म्हण.

त्यानंतर इकडं ये. आईचं प्लास्टर निघायच्या आत ये म्हणजे तिला पाणी तापवून देता येईल, भाकर मोडून देता येईल. स्टँड आणि दिवे आणू नकोस. मी तुझ्याशी गोड बोलेन असं समजू नकोस. भाकर मात्र तुझ्यापुरती टाकीन, कारण तू माझा भाऊ आहेस, आणि ते मी कुणापासून लपवत नाही.

तुझी अक्का,
करुणा सोनाजी खिल्लारे
मुक्काम पोस्ट शिरड शहापूर, कायमचा.