नऊ वीत लांब, सहा वीत रुंद

माय, तू गेली त्याले चोवीस वर्षं झाली अन् मी एकसष्टाव्या वर्षी कॉम्प्युटरवर गोधडी शिवाले बसली. हसू नको. सुई नाही, दोरा नाही, चष्मा तेवढा आहे. तुह्या नातीले सातवा महिना लागला, तिच्या डोहाळजेवणाले मी नागपूरले गेलती. तिथं तिनं फर्मान काढलं, "मम्मी, मेरे बच्चे को आजीची गोधडी पाहिजे. तीच." मी म्हटलं, ती त बाई घर बदलताना हरवली. हे मी बावीस वर्षांपासून सांगून राह्यली, आता माह्याच कानाले खरं वाटते. त ती म्हणते, "हरवली त हरवली. तू आठवून आठवून डिझाइन काढ, मी तशीच शिवून घेते." अन् येताना पिशवीत चिवड्याच्या डब्यासोबत तिचा जुना लॅपटॉप देल्ला, त्यात गोधड्या काढायचं सॉफ्टवेअर टाकून. बसमध्ये तुमसरपर्यंत मी तो मांडीवर धरून बसली, कटंगीले गर्दी झाली तेव्हा पदराखाली घेतला. तेव्हापासून एक ओझं आहे. लॅपटॉपचं नाही, दुसरंच. ते पुढं सांगते.

यात असं असते, अगोदर चौकटी पाडायच्या, मग बाजूच्या यादीतून कापड उचलायचं अन् चौकटीत नेऊन सोडायचं. पहिले चार दिवस कापड उचललं की माह्या हातून वाटेतच सांडे. तुहे जावई मांगे उभे राहून म्हणत, "अवं, बटन सोडू नको, घट्ट धर." स्वतः नोकरीत तीस वर्षं कॉम्प्युटरले हात लावला नाही, सगळं बाबूकडून करून घेतलं, अन् मले शिकवते! एक बटन दाबलं की गोधडीचा अर्धा भाग आरशात पाहिल्यासारखा दुसऱ्या अर्ध्यात उमटते. मले लय आवडलं. मग वाटलं, तू असती त म्हणाली असती, काहून वं, एकसारखी दोन लुगडी एकाच दिवशी कोणाची फाटते? सगळं भरून झालं की मशीन सांगते, निळं कापड अडीच मीटर आणा. गोधडीले नवं कापड! तुह्यासमोर कोणी असं बोललं असतं त तू तिले डोक्यावर पडली का म्हणून विचारलं असतं.

खरी फजिती मापात झाली. मशीननं विचारलं, गोधडी केवढी? आता तू त वितीनं मोजे. नऊ वीत लांब, सहा वीत रुंद, बाबांचे पाय उघडे राहाले नाही पाहिजे. एका वितीचा एक तुकडा, असे चोपन्न तुकडे. मी लिहिलं नऊ अन् सहा. त्यानं मुकाट्यानं घेतलं, कोणाची वीत म्हणून विचारलंसुद्धा नाही. बारा दिवस बसून मी मधल्या रांगेतला एक भरवेना, तो सोडून सगळे तुकडे भरले अन् बसस्टँडजवळच्या दुकानात छापाले गेली. दुकानदार म्हणे, "आंटीजी, असली साइज में निकालूँ?" म्हटलं, हौ, पूर्ण. घडी कराले लागन म्हणून मी यांनाही सोबत नेलं होतं, एक टोक धराले. मशीनमधून एक कागद निघाला. त्यावर नऊ इंचाची गोधडी, अन् बाजूनं कागद उरलेला. यांनी तो कागद उलटापालटा करून पाह्यला अन् म्हणाले, "ठेव. उंदरीच्या बाळंतपणाले कामी येईन."

घरी येऊन मी आपली वीत पट्टीवर ठेवली अन् पुन्हा माप टाकलं. माही वीत तुह्यापेक्षा लहान, म्हणून अंदाजानं अर्धा इंच वाढवून देल्ला. रोज चार वाजता तुह्या नातीचा फोन येते अन् आम्ही रांगेनं तुकडे तपासतो. पहिल्या रांगेत बाबांची खाकी पँट, भरवेलीच्या खदानीची, मँगनीजची काळी धूळ जिच्यातून कधी धुतली गेली नाही. त्याच्या बाजूले माह्या शाळेचा निळा स्कर्ट. मग शेजारच्या काकूचा हिरवा परकर. तिसऱ्या रांगेत निवडणुकीच्या फलकाचा तुकडा, ज्यावर फक्त 'विजयी करा' एवढंच उरलं होतं. ती ओरडलीच, "हां! वो मेरी नाक के पास आता था!" अन् मग म्हणाली, "मम्मी, तुले एवढं कसं आठवते? रांगेनं?" मी म्हटलं, माय होती माही, आठवणार नाही? अन् गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. दूध नव्हतं.

तुले आठवते का, मी बारा वर्षांची होती. तू नळावर गेलती अन् मले सांगून गेलती का भांडेवाली आली त बाबांचे दोन जुने शर्ट देऊन पातेलं घेजो. मी घेतलं, चकचकीत. तू आली, पातेल्यात पाह्यलं, बुडाखालून पाह्यलं अन् विचारलं, "झाकण?" मी दाराकडं पाह्यलं. "बिनझाकणाचं भांडं घेऊन बसली काय वं? भातावर काय आभाळ झाकशीन?" हातातली बादली तिथंच आपटून तू भांडेवालीच्या मांगे धावली अन् झाकण घेऊनच वापस आली. चार दिवस तू मले 'बिनझाकणाची' म्हणून हाक मारे. तेव्हाच तू सांगतलं होतं, ज्या कपड्यात जीव आहे तो गोधडीत जाते, ज्यात नाही तो भांडेवालीले.

आता ते ओझं उतरवते. गोधडी हरवली नाही, माय. तू गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही इकडं नव्या घरात आलो. नवा पलंग, त्यावर वाघाच्या चित्राचं ब्लँकेट. माही नणंद जबलपूरहून आली अन् गोधडी पाहून म्हणाली, "भाभी, ये अभी तक रखी है?" मले लाज वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडेवाली आली अन् मी गोधडी बाहेर काढली. तिनं ती ओट्यावर पसरली, उन्हात धरून पाह्यली अन् तोंड वाकडं केलं. "इसमें क्या धरा है बाई, सब चिथड़ा है." चिथड़ा म्हटल्यावर माहं डोकं फिरलं. मी तिच्या बाजूले बसली अन् एकेक तुकडा बोटानं दाखवाले लागली. "ये देखो, खदान का कपड़ा, तुम्हारी उमर में नहीं फटेगा. ये देखो, असली सूती." मधल्या रांगेतल्या एका तुकड्यावर तिचं बोट थांबलं. "ये क्या गड़ता है? खटमल?" मी म्हटलं, "चावल है. मेरी माँ ने रखा, गोधडी भूखी न रहे." चोपन्नच्या चोपन्न तुकड्यांसाठी भांडली मी. ती लहानसं पातेलं देत होती, मी भात शिजवाचं मोठं भांडं, स्टीलचा गंज, काढून घेतला. जिंकली म्हणून आत आली, गंज स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला, अन् मग ध्यानात आलं का मी काय देऊन आली. तू एका झाकणासाठी धावलती. मी गोधडीसाठी धावली नाही. वाटलं, लोक काय म्हणतीन.

म्हणून आठवते मले रांगेनं. तुही गोधडी मी नीट पाह्यली ती त्याच दिवशी, विकताना.

परवा तुह्या नातीनं विचारलं, "मम्मी, बीच वाला कौन सा था?" मी सांगून टाकलं, वाघाच्या ब्लँकेटपासून तांदळापर्यंत सगळं. मले वाटलं फोन कटला, मी हॅलो हॅलो करून राह्यली. मग ती म्हणते, "तो गंज म्हणजे आपला भाताचा गंज? जिसका मैं बचपन से खा रही हूँ?" म्हटलं, हौ. ती नाक ओढत म्हणाली, "घेऊन ये मग तो. बाळाच्या आंघोळीचं पाणी त्याच्यातच तापवू." रडत होती का हसत होती, कळलं नाही. शेवटी विचारलं, "और चावल कितने डालने हैं?" म्हटलं, चिमूटभर. सॉफ्टवेअरात तांदळाची सोय नाही, तेवढं हातानंच करावं लागन.

आता पेटी भरून राह्यली, सोमवारी निघते. हे पत्र कुठं टाकू? लॅपटॉपात गोधडीच्या बाजूलेच राहू देते. काल सोबत नेण्यासाठी गंज चिंचेनं घासला, तेव्हा एक गोष्ट आठवली जी तुह्या नातीलेही सांगतली नाही. तुले सांगते, पण ओरडू नको. त्या दिवशी मी झाकण बी नाही घेतलं, माय. बावीस वर्षं झाली, भातावर ताट झाकते.